जपानची मेंदी

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२८ ऑक्टोबर २००७, रविवार

उर्मिलावन्संना सुलूवहिनीचा नमस्कार.

भावोजींनाही नमस्कार सांगा. उलटा नमस्कार करायला त्यांना वाकायला लावू नका, पोट मध्ये येतं. नुसती मान हलवली तरी मला इकडे पोचतो.

इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार, नाहीतर तुम्ही बाबाजीच्या दुकानातनं फोन करून आधी रडला असतात आणि मग काय झालं ते सांगितलं असतंत. मी फोन का केला नाही म्हणाल, तर त्याच बाबाजीमुळे. तुम्हाला फोन आला की अर्ध्या वाडीला एकदम मीठ-मिरची संपल्याचं आठवतं, दुकान भरून जातं. आणि आज जे सांगायचंय ते बाबाजीने ऐकलं तर पुढचं वर्षभर तो गिऱ्हाइकांना तेच विकेल.

तर झालं असं. माझ्या समोरच्या ब्लॉकमधली एडना तुम्हाला आठवते ना? माहेर उत्तनचं. मागच्या खेपेला तिने तुम्हाला बोंबलाचं लोणचं दिलं आणि तुम्ही श्रावण आहे म्हणून तोंड वाकडं केलंत, आणि जाताना बरणी साडीत गुंडाळून नेलीत. तीच एडना. तिचा मोठा मुलगा कार्ल बोटीवर स्वयंपाकी आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी एक डबी घेऊन आला. पत्र्याची, देखणी, मुठीत मावेल एवढी. वरती सगळं जपानी. "आंटी, खास जपानवरून, एकदम बेस्ट," एवढंच म्हणाला. खाली मित्राने बाईकचा हॉर्न मारला तसा धूम पळाला. आत काय आहे ते सांगितलंच नाही.

मी डबी उघडली. आत हिरवीगार पूड, अंगाला लावायच्या पावडरीसारखी मऊ. वास घेतला तर ओल्या गवताचा. आता वन्सं, तुम्हीच सांगा. पूड हिरवी, वास पाल्याचा आणि बाईमाणसाला भेट दिलेली. काय असेल? मेंदी! म्हटलं, पोरगा गुणाचा. आंटीचे पिकलेले केस बघवले नाहीत बिचाऱ्याला.

मग काय, लोखंडी कढई काढली. रंग चढावा म्हणून चहाची भुकटी उकळून त्याचं पाणी घातलं, दोन चमचे दही घातलं आणि अर्धी डबी कालवली. डोक्यावर थापून वर दुधाची पिशवी बांधली आणि दुपारभर सिरियल बघत बसले. धुतल्यावर आरशात बघते तर केस जसेच्या तसे पांढरे, आणि अंगाला वास गोठ्याचा.

तेवढ्यात एडना आली कोथिंबीर मागायला. तिने ओट्यावरची डबी बघितली, कढई बघितली, माझं डोकं बघितलं.

"अगो सुलू, यो काय केलंस? ही चाय हाय, चाय! प्यायची! डोक्याला लावायची न्हाय!"

म्हणजे वन्सं, मी चहात चहा कालवून डोक्याला पाजला. एडना तिथेच लादीवर बसली आणि डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. मग कार्लला फोन लावून त्याला ऐकवलं, मग तोही हसला. म्हणाला, आंटी, ह्याला माचा म्हणतात. तिकडे गरम पाण्यात घुसळून पितात, आणि तो बोटीवर ह्याचे केक आणि बिस्किटं करतो. उरलेल्यातला चमचाभर मी आपल्यासारखं दूध-साखर घालून उकळून बघितला. भाताचा पेंढा चावल्यासारखं लागलं. एडनाने एक घोट घेतला आणि छातीवर क्रॉस केला.

आता लगेच भुवया वर नेऊ नका, की वहिनी केसांना मेंदी लावायच्या फंदात पडलीच कशाला. इकडे ऑक्टोबरचा उकाडा काय विचारता. डोकं थंड राहावं म्हणून लावली, बाकी काही नाही.

तर उरलेल्या पुडीचं काय करावं? दिवाळीच्या नानकटायांचं पीठ मळायला घेतलंच होतं. म्हटलं, कार्ल बिस्किटात घालतो तर आपण नानकटाईत घालू. तूप आणि पिठीसाखर परातीत पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसली, मैदा, थोडं बेसन, रवा, आणि वेलचीच्या जागी ही हिरवी पूड. पीठ असं सुंदर दिसायला लागलं, रोप लावायच्या आधी तुमचा भाताचा तरवा दिसतो ना, तसं. भाजायला नेहमीसारखं नाक्यावरच्या बेकरीत नेलं. तुम्हाला माहितीय, दिवाळीच्या आधी इकडे सगळ्याजणी पीठ घेऊन तिकडे भट्टीवर रांग लावतात. तुमचा दादा होता तेव्हा डबा तोच उचलायचा. वाटेत कच्चं पीठ चाटत जायचा आणि तिकडे पोचल्यावर मला म्हणायचा, यंदा कमी केलंस वाटतं.

भट्टीवर राघो असतो. रायगडचा, उंच, गप्प. बोलायला जीभ कुणाकडनं उसनी आणावी लागते असा. आणि हा मेला दरवर्षी माझा नंबर शेवटी लावतो! मी पहिली जाऊन बसले तरी शेवटी. यंदाही तेच.

"अहो, मी केव्हाची बसलेय."

"होईल."

"त्या बेव्हर्ली पार्कवाल्या माझ्यानंतर आल्या. त्यांचे दोन डबे झाले."

"होईल, सुलूबाई."

"काय होईल? म्हातारी होईन मी इथे बसून!"

तर नुसता मिशीत हसला आणि भट्टीत बघत बसला. असला माणूस. त्याच्याबद्दल काय लिहायचं, सोडा.

माझा नंबर आला तेव्हा सगळ्या घरी गेल्या होत्या, एक गुजराती शेजारीण तेवढी मागे राहिली होती. नानकटाया बाहेर आल्या त्या वरनं करपट-हिरव्या. थेट शेणाच्या गोवऱ्या. शेजारणीने वाकून बघितलं. "सुलूबेन, आ शुं छे? साबू?" साबण म्हणे! मला तर जमीन दुभंगावी असं झालं. राघोने त्यातली एक उचलली, अख्खी खाल्ली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "रंग गेला, पण चव आहे. परत घेऊन या."

"आणि परत शेवटी बसवणार?"

"हो."

बघा आता! डबीत थोडी पूड उरलीय. दिवाळीच्या तोंडावर परत करून बघेन.

वन्सं, तुम्हाला एक विचारायचं होतं. अजून कशात काही नाही, पण तुमचं मन आधी कळलेलं बरं. पण कागद संपत आला आणि माझं धाडस त्याच्या आधीच संपलं. राहू दे. भाताची कापणी झाली का ते कळवा.

तुम्ही मानत नसलात तरी तुमची लाडकी
सुलूवहिनी


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
१३ नोव्हेंबर २००७

वन्संना नमस्कार, आणि त्यांच्या तिखट जिभेला वेगळा नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळालं. भात घरात आलं, भावोजींचा गुडघा बरा, गाय व्यायली, सगळं वाचून आनंद झाला. आणि मग शेवटची ओळ. "वहिनी, मी केस काळे केले तेव्हा तुम्ही चारचौघींत म्हणालात, कुणाला दाखवायचेत? आता मी विचारते." पोस्टकार्डावर! उघड्यावर! आमचा पोस्टमन ते देताना माझ्या डोक्याकडे बघून हसला, वन्सं.

विचारलंतच आहे तर सांगते. पण आधी नानकटायांचं ऐका, कारण नाथाबरोबर डबा पाठवलाय आणि तो रंग बघून तुम्ही घाबराल. आपल्या वाडीतला नाथा, इकडे भांड्यांच्या कारखान्यात आहे तो, तुळशीच्या लग्नाला गावी चाललाय. डबा वाटेत उघडू नकोस म्हणून त्याला बजावलंय, तेव्हा चार-पाच कमीच भरतील.

ह्या खेपेला पीठ मळून मी मुद्दाम उशिरा गेले. म्हटलं, शेवटीच बसवणार तर लवकर जाऊन कमरेची माती कशाला करू. तर राघो म्हणतो, "आज उशीर केलात." मी म्हटलं, "तुम्हाला काय फरक पडतो? माझा नंबर काय तो तुमच्या भट्टीच्या भिंतीवर कोरलेला आहे." पाव काढून झाले होते, भट्टी निवत आली होती. त्याने माझा पत्रा आत ढकलला नाही, तोंडाशीच ठेवला आणि वरती खाकी कागद पसरला. म्हणाला, ह्याला आच लांबूनच दाखवायची. मी स्टुलावर बसले. आणि वन्सं, कागद उचलला तर आत नानकटाया हिरव्यागार! वरती बारीक चिरा पडलेल्या, जशा पडायला हव्यात तशा. एक मोडून अर्धी त्याला दिली, अर्धी मी खाल्ली. आधी जरासं कडू येतं, चुकलंच बहुतेक असं वाटतं. तोंड वाकडं करायच्या आत मागनं तूप-साखर येते. खाऊन बघा. पहिल्या घासाला मला शिव्या घालू नका, दुसरा घ्या.

मी फार खूश झाले, आणि खूश झाले की मला भांडायला सुचतं. म्हटलं, "एवढं चांगलं भाजता येतं तर दरवर्षी मला शेवटी का बसवता? भट्टी शांत असते म्हणून?"

तो म्हणाला, "नाही. शेवटी दुसरं कुणी नसतं म्हणून."

वन्सं, तुम्ही तिथे असायला हवं होतंत. तुमची वहिनी, जिने तुमच्या लग्नात तुमच्या सासऱ्याला गप्प केलं होतं, ती त्या खाकी कागदाची घडी घालत बसली. फुकटचा तमाशा हुकला तुमचा.

मग कसंबसं म्हटलं, "म्हणजे इतकी वर्षं मला उगाच भांडायला लावलंत?"

"भांडायला तुम्हाला आवडतं," म्हणाला. आणि मग खाली बघून, "पण मला वर्षातून एकदा भांडून भागत नाही, सुलूबाई."

एवढंच. त्याची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी खोपोलीला दिली. दारू नाही, तंबाखू आहे, ती मी सोडवीन. मी डबा भरला आणि घरी आले. झाकण तिकडेच विसरले. दुसऱ्या दिवशी झाकण आणायला गेले, तेव्हा सांगितलं त्याला की मेंदी समजून चहा डोक्याला लावला होता. तो माणूस मोठ्याने हसला, वन्सं. पहिल्यांदा ऐकलं त्याचं हसणं. मालक गल्ल्यावरून ओरडला, "क्या हुआ रे राघो?"

"चहा लावायची तरी काय गरज होती?" मला म्हणाला. मी काय उत्तर देणार? तुम्हाला मात्र देते. उकाडा वगैरे काही नव्हता. भट्टीवर जायचं होतं म्हणून लावली होती मेंदी. म्हणजे माझ्या डोक्याला आधीच कळलं होतं, तोंडाला तेवढं मागनं कळलं. झालं तुमचं समाधान? कुणाला दाखवायचेत, त्याचं नाव राघो.

संजनाला सांगितलं. भीत भीत शांती नगरला तिच्या घरी गेले, आपल्याच पोटच्या पोरीसमोर सासूसमोर बसावं तशी खुर्चीच्या टोकावर बसले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या जावयाला सांगू का, कडक पाव आता सासऱ्याकडनंच आण म्हणून?" माझीच पोर, दुसरं काय बोलणार. पण मग उठून जवळ आली आणि म्हणाली, "मला चालेल. पण आत्याला सांगितल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही." ती हे बोलली नसती तरी मी टाकलं नसतं.

आता जे मागच्या पत्रात राहिलं ते लिहिते. डोळे मिटून लिहिते, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

तुमचा दादा गेला त्यानंतरच्या पहिल्या तुळशीच्या लग्नाला मी तुमच्या मागच्या पडवीत बसले होते. वाडीतली सरूबाई अंगणात मोठ्याने म्हणाली होती, तिला पुढे नको आणू. सगळ्याजणी गप्प. तुम्हीही काही बोलला नाहीत. नुसत्या चालत आत आलात, माझ्या हाताला धरून बाहेर नेलंत, अंतरपाटाचं एक टोक हातात दिलंत आणि म्हणालात, "धरा, माझे हात दुखतात." मी धरलं. मंगलाष्टकं होईस्तोवर मी तो कापडाचा तुकडा सोडला नाही आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही सरूबाईकडे बघत उभ्या होतात. वन्सं, तुमचे हात कधी दुखलेत? तुम्ही पाटा एका हाताने उचलून कोपऱ्यात ठेवता.

मला लोकांची भीती नाही. इंद्रलोकमध्ये कुणाला कुणाचं पडलेलं नाही, आणि गावाला बोलायला विषय लागतोच. तुमच्या दादाचीही भीती नाही. तो असता तर आधी विचारलं असतं, नानकटाई कमी का आणलीस. भीती एकच. मी राघोचं कुंकू लावलं की तुम्हाला वाटेल, ही आपल्या घरातनं गेली. संजनाला मी आई, एडनाला सुलू, सगळ्या बिल्डिंगला आंटी. मला वहिनी म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय. नवरा दुसरा मिळाला हो, पण नणंद कुठून आणू?

डिसेंबरात रजिस्टर लग्न करायचं म्हणतोय. मग संजनाच्या घरी हार घालायचे आणि जेवण. राघो म्हणतो भटजी-बिटजी नको, आपली वयं बघा. ठीक आहे म्हटलं, भटजी नको, पण अंतरपाट पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे. एक टोक एडना धरणार आहे. तिला सगळं समजावून सांगितलं, तर म्हणते, "पडदा धरायचा ना? धरते. पण तू पडद्यावरनं डोकावू नको हां, तुझा भरवसा न्हाय." दुसरं टोक संजना धरते म्हणाली. मी नको म्हटलं. ते रिकामं ठेवलंय.

तुमचे हात दुखत असतील तर तसं कळवा. मी समजेन, रागावणार नाही. मात्र डबा नाथाबरोबर परत पाठवा, एडनाचा आहे तो.

तुमची
सुलू

ता. क. खाली नुसतं सुलू लिहिलंय. पुढचं तुम्ही म्हणाल तसं.


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२७ नोव्हेंबर २००७

माझ्या वन्सं,

काल नाथा डबा देऊन गेला. माणूस मठ्ठ. मी विचारलं, "काय म्हणाल्या? तोंड कसं होतं?" तर म्हणतो, "तोंड होतं तसंच होतं." नानकटाया खाल्ल्या का विचारलं, तर म्हणे, "पहिली खाऊन थुंकल्या, मग डबा घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं." दार का लावलं असेल? रडायला की खायला? नाथाला काय कळणार.

तो गेल्यावर डबा हातात घेतला तर हलका. वाटलं, रिकामा आला. आपल्यात रिकामा डबा कुणी परत देत नाही. वन्संनी दिला म्हणजे संपलं. झाकण उघडायलाच धजेना. एडनाला हाक मारली, तिने उघडलं.

आत हिरवी पूड. एडना दोन पावलं मागे सरकली. "सुलू, परत न्हाय हां! आता ही काय हाय ते पहिला इचार!"

मी वास घेतला. परसातल्या कुंपणावरचा पाला, सावलीत वाळवून, वरवंट्याने वाटून, फडक्यातनं गाळलेला. किती दिवस बसला असाल वाटत. आणि त्यात खोचलेली तुमची चिठ्ठी. शाळेतल्या पोरांनी पाटीवर लिहावीत तशी मोठी अक्षरं:

"ही मेंदी आहे. पिऊ नका. माझे हात दुखत नाहीत."

वन्सं, मी रडले म्हणून लिहिणार नाही, तुम्ही गावभर सांगाल. एडना रडली एवढं सांगते. तिला वाचून दाखवल्यावर अर्थ समजावून सांगायला मला बोलता येईना, तर ती न समजताच रडायला लागली.

कढई काढलीय. पाण्यात चहा टाकायच्या आधी डबीवरचं नाव दोनदा वाचलं. पत्र लिहितेय आणि डोक्यावर तुमची मेंदी आहे, कागदावर डाग पडलाय तो तिचाच. राघोला अजून सांगितलं नाही. मेंदी धुतली की भट्टीवर जाईन, रांगेत सगळ्यांच्या शेवटी बसेन आणि सांगेन.

भावोजींना घेऊन या. त्यांच्यासाठी मोठी खुर्ची शोधून ठेवते. येताना काही आणू नका, बोंबलाच्या लोणच्याची रिकामी बरणी तेवढी आणा, एडना विचारत होती.

दोन्ही हातांनी वाट बघणारी,
तुमचीच
वहिनी